रुद्रक्काची मुकी वाट

रुद्रक्का पोटातल्या लेकराला अहो-जाहो करायची. बाई तिसऱ्या महिन्यात असो की नवव्या, रुद्रक्का आत येऊन बसली की आधी तिच्या पोटाकडे बघून विचारायची, "काय म्हणता? आज बरं हाय का?" बाईची विचारपूस त्यानंतर. कुणी हसलं तर म्हणायची, "पाव्हना हाय त्यो. घरात आल्यावर शिव्या घालू की. तवर मान द्यावा." आणि खरंच, मूल बाहेर येऊन रडलं की त्याच क्षणी ती एकेरीवर यायची. "आलास का रं भाड्या! किती वाट बघायला लावलास!"

मंठाळात आमच्या गल्लीच्या टोकाला तिचं घर होतं. उंच, हाडकुळी बाई. तोंडावर देवीचे वण इतके दाट की बोट ठेवायला सपाट जागा नव्हती. ती स्वतःच सांगायची, "आईनं माज्या तोंडावर ज्वारी टोबली, पर एक दाना उगवला न्हाई." देवीच्या रोगाचं नाव आमच्याकडे कुणी घेत नसे. घरात आई आल्यात, एवढंच म्हणायचं. एकदा येऊन गेली की आई त्या माणसाकडे पुन्हा येत नाही, म्हणून अशा घरी सेवेला रुद्रक्कालाच बोलावत. ती लिंबाच्या पाल्यानं वारा घालायची, पाणी पाजायची, अंथरूण बदलायची. बाळंतपणं आणि आईची सेवा, ही तिची दोन कामं. दोन्हींत तिनं कधी तोंड उघडून काही मागितलं नाही. मला ते वेडेपणाचं वाटायचं.

मी मागणारी बाई. जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, आणि पितळेची भांडी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची आणि भांड्यांवर जुनेर घ्यायची. त्या काळी निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली होती, तरी त्याची हाली आणि भारताची सरकारी अशी दोन्ही नाणी चालत. बायकांना त्यात फसल्यासारखं वाटे, म्हणून त्या लुगडी काढून देत. वाटीवर दोन लुगडी सांगायची, दीडवर यायचं, आणि उठता उठता एक चोळी वर ओढायची. हे मला कुणी शिकवलं नाही. नवरा लातूरला जिनिंगमध्ये होता, महिन्यातून एकदा यायचा. मंठाळातलं घर माझ्या डोक्यावरच्या पाटीनं उभं केलं, हे मी त्याच्यासमोरही बोलून दाखवायची.

फक्त एका गोष्टीत माझी घासाघीस चालली नव्हती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात वाया गेलं. दोन्ही वेळा रुद्रक्का उशाशी होती. दुसऱ्या वेळी तिनं माझ्या पोटावर हात ठेवला आणि रिकाम्या पोटाला म्हणाली, "जावा. पुन्यांदा या." मी तिच्यावर ओरडले होते, "कुनाला बोलायलीस? हाय कोन तिथं?" ती ऊन पाण्यात फडकं पिळत राहिली.

तिसऱ्यांदा राहिले तेव्हा मी फक्त तिलाच सांगितलं. "वजं उचलू नगंस," ती म्हणाली. मी ऐकलं नाही. पाडव्यानंतरचे आठ दिवस म्हणजे जुनेराची सुगी. सणाला नवं नेसलेल्या बायका जुनं काढून देतात. त्या दिवसांत घरी बसणं माझ्या स्वभावात नव्हतं.

पाडव्याचा तिसरा दिवस होता. मी ओढ्यापलीकडच्या वाडीला निघाले. ओढ्यात पाणी घोट्याएवढं, आणि समोरून रुद्रक्का येत होती. डोक्यावर घागर, घागरीच्या तोंडाला लिंबाची डहाळी. मी म्हणाले, "अक्का, सकाळी सकाळी कुणाचं पानी भरायलीस? मला बी एक घागर टाक की." ती थांबली. माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, ओठ हलले. मग मान वळवून माझ्या बाजूनं निघून गेली. माझ्या डोक्यात तिडीक उठली. दोनदा पोट वाया गेलेल्या बाईशी अपशकुन नको म्हणून बोलायचं नसेल, असं मला वाटलं. ओढ्यातून बाहेर येऊन मी तिच्या पाठीवर थुंकल्यासारखं केलं आणि पुढे गेले.

वाडीत प्रत्येक दारावर लिंबाचे डहाळे होते. पाडव्याला आमच्याकडे सगळीच दारं लिंबानं मढतात. घरात आई आल्या तरी दाराला लिंबच लावतात, बाहेरच्या माणसानं आत येऊ नये म्हणून. एरवी ते डहाळे बघून मी दहा पावलं लांबून गेले असते. त्या दिवशी मात्र वाडीतलं प्रत्येक घर सारखं दिसत होतं. एका दारावरचा पाला ताजा होता, बाकीच्यांचा सुकला होता. हे माझ्या डोळ्यांनी बघितलं, डोक्यानं नाही.

त्या घरातली म्हातारी बाहेर आली. आत एक मूल कण्हत होतं. मी म्हणाले, "ऊन बाधलंय वाटतं लेकराला." ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. गाठोडं आणून ओट्यावर ठेवलं आणि एक पितळी वाटी घेतली. घासाघीस केली नाही. बारा वर्षांच्या धंद्यात अशी बाई मला भेटली नव्हती, आणि मी त्यात खूश झाले. ते गाठोडं पोटाशी धरून मी उन्हातून घरी आले.

दिवेलागणीच्या आधी रुद्रक्का वाडीहून धावत आली. उंबऱ्याबाहेरूनच ओरडली, "गाठोडं कुठं हाय?"

"कामून? तुला काय करायचंय?"

"त्या घरात आई हाय गं. कुठं हाय ते सांग."

मी कोपऱ्यातल्या गाठोड्याकडे बघितलं. तरी तोंडातून आलं ते धंद्याचंच. "उकळून घेते. खाऱ्या पान्यात उकळलं की झालं."

तिनं मला हातानं बाजूला केलं, गाठोडं उचललं आणि परड्यात नेऊन पेटवलं. त्यात माझी दुसऱ्या गावांची लुगडी होती, तीही गेली. जाळासमोर उभी राहून मी तिला विचारलं, "तू त्या घरातलं पानी न्यायलीस सकाळी. मला बघितलीस. जातानी बघितलीस!"

"व्हय."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"आईच्या न्हानीचं पानी डोईवर असतानी, त्ये लांब लिंबाखाली वतूस्तवर, बोलायचं न्हाई. बोललं की सेवा मोडते. आमच्या अत्यानं शिकिवलं तसं." तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "मला वाटलं तू म्होरल्या गावाला जायलीस."

मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. "तुज्या पान्यासाठी माजं तिसरं बी घालवलंस," हे शेवटचं.

माझ्या दंडावर देवी टोचल्याची खूण नव्हती. लहानपणी टोचणारा आला तेव्हा आईनं मला ज्वारीच्या कणगीत लपवलं होतं. दुसऱ्या दिवशी रुद्रक्का पहाटे उठून चालत तालुक्याच्या दवाखान्यात गेली आणि तिथल्या डॉक्टरांना विचारून आली. लस संपली होती, यायला वेळ होता. डॉक्टर म्हणाले, चौदा-पंधरा दिवस कुणात मिसळू नका, ताप येतो का बघा, बाकी आता हातात काही नाही. ती ओढ्यावर न्हाऊन, कोरं लुगडं नेसून माझ्या घरी आली आणि राहिली.

ते दिवस मला आजही जागेपणी आठवत नाहीत, डोळा लागताना आठवतात. चैत्राचं ऊन. माळवदाच्या झरोक्यातून उन्हाचा एक कवडसा पडायचा, सकाळी तो उतरंडीवर असायचा, दुपारी माझ्या पायावर, मग हळूहळू भिंत चढायचा. मी त्याच्याबरोबर कुठेतरी जाऊन यायची. कधी वाटायचं, मी ओढ्यात बसले आहे आणि पाणी माझ्या पोटातून पलीकडे वाहतंय. कधी वाटायचं, गेलेली दोन्ही मुलं दारात उभी आहेत आणि रुद्रक्का त्यांना म्हणते आहे, "या, बसा." जाग आली की ती खरंच दारात बसलेली असायची, पाठमोरी, ज्वारी निवडत. मी जागी झाले हे तिला न बघता कळायचं. मागे हात करून ती माझ्या पायाला हात लावायची. गार लागला की म्हणायची, "गार हाय." दिवसातून वीस वेळा. गार हाय. गार हाय. कधी कधी ते शब्द मला झोपेतच ऐकू यायचे आणि ते ती मला सांगते आहे की पोटातल्याला, कळायचं नाही.

नवव्या दिवशी माझं डोकं दुखलं. तिनं माझे हात उघडून बघितले, तळपाय बघितले, जीभ बघितली. मग माझ्या पोटाशी वाकून म्हणाली, "मालक, भांडू नगा. आमची चूक झाली. तुमी ऱ्हावा." मी तोंड फिरवलं. संध्याकाळपर्यंत डोकं दुखायचं थांबलं. बारा दिवस गेले, पंधरा गेले, वीस गेले. अंगावर एकही फोड आला नाही. तिसरा महिना सरला, चौथा लागला, आणि पाचव्यात एका दुपारी पोटात मासा वळल्यासारखं झालं. मी ते तिला सांगितलं नाही. तिला कळलंच असणार, कारण त्या दिवशी तिनं न विचारता गुळाची पोळी केली.

मुलगी झाली. रुद्रक्कानं तिला खिडकीच्या उजेडात नेलं आणि टाळूपासून तळव्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, कितीतरी वेळ बघितलं. मग माझ्या कुशीत दिली. त्या वेळी मी काही बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "तुज्यामुळं न्हाई वाचली. तिच्या नशिबानं वाचली." ती म्हणाली, "व्हय माय, खरं हाय."

त्यानंतर रुद्रक्काची एक गोष्ट बदलली. आईचं पाणी घेऊन जाताना ती बोलायला लागली. बोलायला म्हणजे ओरडायलाच. घागर डोक्यावर घेऊन वाटेनं हाळी देत जायची, "अमक्याच्या घरात आई हाय! कुणी जाऊ नगा! पोटुशीनं तर अजाबात जाऊ नगा!" जुन्या बाया संतापल्या. काही घरांनी तिला बोलावणं बंद केलं. "पाप कुणाला लागंल?" कुणी विचारलं तर म्हणायची, "मलाच लागू द्या. माज्या तोंडावर अजून एखादा दाना मावंल." मी हे सगळं ऐकत होते आणि माझा राग तसाच ठेवून होते. ती पोरीला बघायला आली की पोर तिच्याकडे द्यायची आणि स्वतः चुलीकडे वळायची. त्या वाडीत मी पुन्हा पाय ठेवला नाही. वाडीचं नावसुद्धा घरात काढू दिलं नाही.

जुन्या निजामी मुलखाचे तुकडे करून आमचा जिल्हा म्हैसूरकडे जाणार अशी बोलणी चालली होती, त्या वर्षी रुद्रक्का अंथरुणाला खिळली. मी पोरीला घेऊन गेले. तिनं पोरीचा दंड चाचपला, टोचल्याची खूण सापडली तशी हसली. पोर बाहेर खेळायला गेली. मला वाटलं होतं, आज म्हणावं की झालं गेलं, अक्का. तोंडातून आलं ते जुनंच.

"त्या दिशी बोलली कामून न्हाईस?"

"किती बारी इचारशील गं?"

"खरं सांगशील तवर."

तिनं तोंड आढ्याकडे केलं. "भ्यालते. मी बोलले अन् त्ये लेकरू गेलं तर? चार वर्साचं व्हतं. घशात फोड, बोलता यीना. हातानं पानी मागायचं. तुजं पोटात व्हतं. त्ये डोळ्यापुढं व्हतं."

मी तिची वाकळ सारखी केली.

"दुसऱ्या दिशी डाक्टर म्हनाले, त्या घरात पाय ठिवायचा तर पोटुशीच्या घरात ठिवायचा न्हाई. दोन्हीकडं न्हाई जमनार. येक धर. मग मी तुज्याकडं आले."

वाटीची किंमत मी दोनदा विचारणारी बाई. पाच वर्षांत हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"त्ये लेकरू ऱ्हायलं का?"

रुद्रक्कानं नुसती मान हलवली. नाही.

आठ दिवसांनी ती गेली. बारावा झाल्यावर मी ओढा ओलांडून वाडीला गेले. पाटी घेतली नव्हती. तेच घर, दारावर काही नव्हतं. म्हातारी ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. तिनं मला लगेच ओळखलं, आणि मी काही बोलायच्या आधीच विचारलं, "तुजं ऱ्हायलं का गं, माय? त्या दिशी 'पोटुशी हाय ती' म्हनत रुद्रक्का पळाली ती परत हिकडं आलीच न्हाई, कुनाला इचारावं?"

मी तिच्याजवळ ओट्यावर बसले. "ऱ्हायलं," म्हणाले. "पोरगी हाय."