उंब्रजचा समुद्र

आमच्या भागात समुद्र रंगवायची कला कुणी आणली असं विचारलंत, तर छाती ठोकून सांगतो, मीच. त्याआधी उंब्रजच्या आसपास नाटकाच्या पडद्यावर जंगल असायचं, फार तर राजवाडा. मग पंचाहत्तरच्या सुमाराला आमच्या गावच्या पोरांनी जत्रेसाठी जहाज बुडायचं नाटक बसवलं, आणि पडदा आला माझ्या गळ्यात.

मला सांगलीच्या एका पेंटरकडं शिकायला जायचं होतं. वडिलांचं एकच पालुपद, फौजेत भरती हो. शेवटी त्यांनी तोडगा काढला. "पडदा गावाला पटला तर सांगली. न्हाईतर सोमवारी गुमान भरतीला जायचं."

समुद्र मी बघितला नव्हता, पण कृष्णेचा पूर बघितला होता. म्हटलं, तोच जरा निळा करायचा. देवळाच्या ओवरीत खपलो. लाटा काढल्या, जहाज काढलं, पल्याडच्या काठावर हिरवागार ऊस काढला आणि उसाकडेला दोन म्हशी. म्हशी तर अशा उतरल्या होत्या, काय सांगू!

जत्रेच्या दुपारी पडदा टांगला. गाव खूश. तेवढ्यात रजेवर आलेले एक सुभेदार पुढं झाले. बोटीतून प्रवास केलेला गावातला हा एकटाच माणूस. "गड्या, समुद्राला पल्याडचा काठ दिसत न्हाई," ते म्हणाले.

"मग पाणी अडतं कशाला?" मी भांडायलाच उठलो. गावही माझ्या बाजूनं. "व्हय की! बिनकाठाचं पाणी ऱ्हाईल कसं?"

सुभेदार काही हटेनात. मी वडिलांकडं बघितलं. त्यांनी हातानंच खूण केली, पूस. असा संताप आला म्हणता! निळ्याचा डबा उचलला आणि माझ्या म्हशी माझ्याच हातानं बुडवल्या. त्यांच्यामागनं ऊसही गेला.

गाव हळहळलं. "आता निस्तं पाणीच की रं! अर्धाच केलास पडदा." माणसं पांगली. मला भरतीची रांग दिसायला लागली.

वडील मात्र पडद्यासमोर पाय पसरून बसले होते. त्यांनी पाण्याकडं बोट केलं.

"ह्येच्या पल्याड काय हाय रं?"

"पाणी."

"आन् त्येच्या पल्याड?"

"पाणीच, आबा."

त्यांनी पसरलेले पाय हळूच आत ओढून घेतले.

"गावाला न्हाई पटला," मी म्हणालो.

"मरू दे गाव," ते म्हणाले. "मला भ्या वाटलं. जा सांगलीला."