मर्लची अंगठी आणि नोएलची हॅट

आमच्या पेपरमिंट क्रीक गावात हंसाचा नर कोणता आणि मादी कोणती हे खात्रीनं सांगणारं एकच माणूस होतं : माझी शेजारीण मर्ल ट्रेगिअर. बाकीच्यांना शेपटी उचलून खाली बघावं लागे, आणि ज्यानं एकदा हंसाची शेपटी उचलली त्याला दुसऱ्यांदा हौस उरत नसे. हंस म्हटल्यावर कुणाला नीरक्षीरविवेक आठवला असेल तर त्यानं तो विसरावा. आमच्याकडचा हंस दूध आणि पाणी वेगळं करत नाही. पँट आणि पोटरी वेगळी करतो.

मर्लची पद्धत सोवळ्यातली. बोटातली लग्नाची अंगठी काढायची, काळ्या दोऱ्याला बांधायची आणि पक्ष्याच्या पाठीवर धरायची. गोल फिरली तर मादी, सरळ झुलली तर नर. पाच एकरांवरचे तिचे चौदा हंस, तीन शेळ्या आणि मोजता न येणारे ससे, सगळ्यांची तिनं अशीच वासलात लावली होती. तिचा बोकड दोनदा व्याला. त्यावर ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशी वारा होता."

लोक आपल्या गरोदर सुनांनासुद्धा तिच्याकडे आणत. निम्म्या वेळा ती बरोबर निघे. उरलेल्या वेळी माणसं वाऱ्याला दोष देत आणि बाळासाठी विणलेले निळे लोकरीचे मोजे देऊन गुलाबी घेत.

ओढ्यापलीकडच्या नोएल स्टबिंग्जच्या हंसांची जोडीही तिनंच लावून दिली होती. नोएल विधुर, अबोल, टक्कल पडलेला. सहा वर्षांत त्याच्या हंसिणीनं एक अंडं घातलं नाही. दर हिवाळ्यात तो कुंपणाशी येऊन म्हणे, "मर्ल, एकदा परत बघतेस का?" ती जाई, अंगठी धरी, सांगे, "मादीच आहे रे. लाजते." मग चहा होई, आणि चहा संपायला दुपार लागे. हंसीण अंडी घालायला शिकली नाही, पण नोएल चहाबरोबरचे गोल पाव, स्कोन, भाजायला शिकला. मी हे सगळं माझ्या परसातून बघत असे. माणसानं कुंपण नीट ठेवावं आणि त्याला एक फट ठेवावी.

तर त्या नोव्हेंबरातला आमचा शेतकी मेळावा. हंसांच्या उत्तम जोडीला चांदीचा कप असतो. तीन वर्षं लागोपाठ जिंकलात की तो कायमचा तुमचा. मर्ल दोनदा जिंकली होती. फडताळावर जागा करायला तिनं नवऱ्याच्या अस्थींचा डबा बाजूला केला होता. मला म्हणाली, "रेगला थोडं सरकवलंय. त्याची ना नसते." पण मेळाव्याचा अध्यक्ष क्लेम हॉलोवे नियमांचा मोठा पक्का. त्यानं आधीच बजावलं, "जोडी म्हणजे एक नर, एक मादी. खोट निघाली तर मागची दोन बक्षिसंही रद्द."

"माझ्या अंगठीवर शंका घेतोस?" मर्ल म्हणाली. "तुला थोरला मुलगा होणार हे कुणी सांगितलं होतं?"

"मर्ल, थोरली मुलगी आहे."

"वारा होता."

मेळाव्याच्या सकाळी पिंजऱ्यात तिच्या हंसिणीनं, डचेसनं, अंडं घातलं. होबार्टहून आलेल्या परीक्षकानं ते वहीत टिपलं, शेजारी रुबाबात उभ्या तिच्या जोडीदाराला, ड्यूकला, शाबासकी दिली, पहिल्या बक्षिसाची निळी फीत लावली आणि तो चहाला गेला. पिंजऱ्यांपाशी राखणीला नोएल उरला. आणि भोपळ्यांच्या ढिगाआड मी, अर्थातच भोपळे बघत.

ड्यूक खाली बसला. चेहरा विचारवंतासारखा केला. उठला, तेव्हा पेंढ्यावर आणखी एक अंडं होतं.

एका दिवसात एक हंसीण दोन अंडी घालत नाही, हे नोएललाही ठाऊक. त्यानं नुसतं बोट दाखवलं असतं तर कप त्याचा होता. त्याचीच जोडी दुसरी आली होती. पण अंगठी खोटी ठरली की दर हिवाळ्यातला चहाही खोटा. त्यानं इकडे तिकडे पाहिलं, अंडं उचललं, डोक्यावर ठेवलं आणि वरून हॅट दाबली.

बक्षिसं वाटायची वेळ झाली. बँडनं राष्ट्रगीत सुरू केलं. सगळ्या पुरुषांनी हॅट काढल्या. एकट्यानं नाही.

"नोएल," क्लेम दात न उघडता पुटपुटला. "हॅट."

"गार लागतंय."

"अरे, देशाचा तरी मान ठेव!"

नोएलनं हॅट काढली. अंडं क्षणभर टकलावर टिकलं, मग घरंगळलं. शेजारी उभ्या मर्लनं ते हवेतच झेललं. बँडमधला एक जण सोडून सगळे थांबले.

"हे कुणाचं?" क्लेमनं विचारलं.

"माझं," नोएल म्हणाला.

"तुझं म्हणजे तू आणलंस?"

"म्हणजे मी घातलं."

मर्लनं अंडं पाहिलं. अजून ऊबदार होतं. तिनं ड्यूककडे पाहिलं. तो पहिलटकरणीसारखा मान वळवून शेपटी साफ करत होता. मग तिनं नोएलकडे पाहिलं. आणि तिनं बोटातली अंगठी काढली.

"खाली बस," ती म्हणाली.

नोएल गवतावर बसला. सगळ्या मेळाव्यासमोर तिनं दोरा त्याच्या टकलावर धरला. अंगठी जरा अडखळली आणि गोल फिरायला लागली. चांगली गरगर.

"मादी," मर्लनं जाहीर केलं.

क्लेमनं नियमांची वही पुढून मागून चाळली. स्पर्धकानं अंडं घालू नये असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. "मग ठीक आहे," तो म्हणाला आणि कप मर्लच्या हातात दिला. परीक्षकानं संध्याकाळची गाडी सोडून दुपारची धरली.

पुढच्या आठवड्यात नोएल स्कोनचा डबा घेऊन कुंपणाशी आला. हॅट हातात होती.

"मर्ल, माझं एकदा परत बघतेस का?"

तिनं अंगठी काढली. मी फटीशीच होतो. पानसुद्धा हलत नव्हतं. अंगठी सरळ झुलली.

"नर," ती म्हणाली. "त्या दिवशी वारा होता. आत ये, चहा ठेवते."

दुपारी मी सहज डोकावलो, तर फडताळावर रेगला आणखी थोडं सरकवलेलं होतं आणि चांदीच्या कपाशेजारी नोएलची हॅट होती.