बोलता येईल इतका वेग

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, काचांच्या कडा घासणाऱ्या यंत्रासमोर या गृहस्थाने तेहतीस वर्षं काढली. पुढे गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं काम मालकाचं. याच्या वाट्याला काचा, त्यांचे नंबर आणि यंत्राची घरघर. घरीही तोंडाला फारसं काम नव्हतं. बायको दोघांच्या वाटचं बोलायची, हा मधूनमधून "हं" म्हणून दाद द्यायचा. ती गेली आणि रिकाम्या रंगमंचावर एकटंच उभं राहावं तसा तो त्या दोन खोल्यांत उभा राहिला.

सगळ्यात कठीण वेळ पहाटे पाचची, तिच्या उठण्याची. त्या वेळी घरात राहायला नको म्हणून तो धावायला लागला, आणि साठी ओलांडल्यावर एकदम बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरला. चौतिसाव्या किलोमीटरला पायांनी हात टेकले. मागून येणाऱ्या गाडीत घालून त्याला परत आणलं.

"फिटली हौस?" परगावच्या मुलाने फोनवर विचारलं.

"अजून एकदा बघतो."

"एकदाच हं, बाबा. सहा तासांत पोचला नाहीत तर बूट माळ्यावर. शब्द द्या."

त्याने दिला. बूट माळ्यावर गेले तर पहाटे पाचला करायचं काय, हे मात्र मुलाला विचारायचं राहिलं.

मैदानावर नवख्यांना धावायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. तो रोजचं अंतर आणि वेळ लिहायचा ती वही त्यांनी चाळली.

"काका, तुम्ही रोजच परीक्षेला बसता. लांब पल्ला हळू धावायचा असतो."

"हळू म्हणजे किती?"

"सोबत्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य मध्येच तुटलं की समजायचं, वेग जास्त झाला."

"सोबती नसला तर?"

"तर एकटेच बोला. लोक वेड्यात काढतील, पण गुडघे दुवा देतील."

बाकीचा उपदेश त्याने निमूट पाळला. अंतर दर आठवड्याला थोडंच वाढवायचं, तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, शर्यतीला वापरलेलेच बूट घालायचे. या सगळ्याला दुसरं माणूस लागत नव्हतं. बोलणं जड गेलं. पहिल्या दिवशी "आज दुकानात गर्दी असणार" एवढं म्हणून दोन किलोमीटर पुढचं वाक्यच सुचेना. मग एका सकाळी बायकोच सापडली श्रोता म्हणून. जन्मभराचं "हं" साठलं होतं, त्यातून वाक्यं निघू लागली. रस्त्यावर तेवढी. घरात पाऊल टाकलं की जीभ पुन्हा टाळ्याला.

शर्यतीच्या सकाळी गर्दी पुढे पळाली तरी तो बोलत, रमत धावला. तिसाव्या किलोमीटरनंतर तिच्या आवडीची गोष्ट काढली. लग्नाआधी ती दुकानात गिऱ्हाईक म्हणून यायची. महिन्यात तीनदा तिच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू ढिला. तिसऱ्यांदा यानेच मालकाला सांगितलं, माल खराब आहे, आणि मालकाने त्या फ्रेमांचा अख्खा गठ्ठा कंपनीला परत...

वाक्य तुटलं. मनगटावरचं घड्याळ बघून त्याने नकळत पाय उचलले होते. तो गप्प झाला आणि मान खाली घालून आणखीच जोरात पळू लागला. समोर तेहतिसावा दगड.

"काका, गठ्ठा परत गेला, पुढे काय?"

मागे एक पोरगेलीशी मुलगी, घामाने निथळलेली.

"तू ऐकत होतीस?"

"पंधरा किलोमीटर झाले. मी पण बाईंचीच. मलाही बोलायला कोणी नव्हतं, म्हटलं ऐकत धावू. तुम्ही गप्प बसलात आणि माझी चाल बिघडली."

"आता... बोलवत नाही."

"मग हळू व्हा की. नियम आहे ना."

तो हळू झाला. श्वास जागेवर यायला जरा वेळ लागला.

"लग्नाला दोन वर्षं झाल्यावर कबूल केलंन तिने. केसांच्या पिनेने स्क्रू स्वतःच ढिला करायची."

मुलगी इतकी हसली की तिलाच धाप लागली. "आणि तुम्हाला कळलंच नाही?"

"मी स्क्रूकडे बघत होतो."

असं बोलताना चौतिसावा दगड मागे गेल्याचं त्याला पस्तिसाव्यालाच कळलं.

पाच तास बावन्न मिनिटं. शेवटच्या रेषेपलीकडे मुलीची आई, बहीण, कोणकोण टॉवेल घेऊन उभे होते. "काकूंना सांगा, गोष्ट आवडली," असं ओरडत ती त्यांच्यात शिरली. काकू नाहीत हे तिला ठाऊक नव्हतं. ते त्याच्या एकाही वाक्यात आलं नव्हतं.

मुलाला फोन लावला. "वा बाबा, जिंकलात. आता कामात आहे, संध्याकाळी बोलू."

घरी आल्यावर त्याने बूट दाराशी ठेवले, पहाटे हाताला लागतील असे. मग खुर्चीत बसून पहिल्यांदाच घरात तिच्याशी बोलला. स्क्रूवर ती मुलगी किती हसली तेही सांगितलं. सावकाश, एकही वाक्य न तोडता. सगळं सांगून झाल्यावर थोडा वेळ थांबून राहिला, पलीकडून "हं" येईल म्हणून.