गोठ्यातलं वजन

"आडनाव काय गं तुझं?"

मी सांगितलं. माझा एक पाय ओसरीच्या पायरीवर होता.

"मग वर नगं येऊ. तो काटा गोठ्यात ठेव. सून येईल तिथं."

हातात वजनकाटा. अंगात नर्सिंग कॉलेजचा पांढरा ड्रेस. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. जळकोटजवळच्या त्या गावात गरोदर बायांचं दर महिन्याला वजन करायचं, कार्डावर लिहायचं, नीट वाढत नसेल तर काय खायचं ते सांगायचं. हे माझं शिकाऊ काम.

पायरीवरचा पाय मी खाली घेतला. कुणी ढकललं नव्हतं. मीच घेतला. ते अजून खुपतं.

गोठ्यातली जमीन खुरांनी उकरलेली. काटा डुगडुगत होता. सपाट, टणक जागेवरच तो खरं वजन दाखवतो, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. तरी दिसला तो आकडा मी लिहिला. त्रेपन्न. सुनेला पाचवा महिना होता.

पुढच्या महिन्यात पुन्हा गोठा. पंचावन्न.

तिच्या सासूबाई खूश. "बघ, दोन किलो वाढली. आता अर्धीच भाकरी. लई खाल्लं की लेकरू मोठं होतंय, मग सुटका अवघड."

"काकू, तसं नसतं हो..."

"तू शिकवणार व्हय आमाला?"

त्या आत गेल्यावर सून हळूच म्हणाली, "ताई, लई भूक लागती."

तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. कार्डावर मात्र वाढ. माझ्या अक्षरात.

कॉलेजात मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू आकडे भरून आण, बाकीचं नको." होस्टेलवर कुणाला सांगू? सांगायचं तर पायरीपासून सांगावं लागलं असतं. आईला फोनवर म्हणाले, काम बरं चाललंय.

सातव्या महिन्यात मी विचारलं नाही. पायऱ्या चढले. ओसरीच्या शहाबादी फरशीवर काटा ठेवला.

"उतर खाली!"

"काकू, गोठ्यात वजन चुकतं. चुकीचं मी लिहिणार नाही. काटा इथंच राहील."

सून आपणहून काट्यावर चढली. एकावन्न.

मागचे दोन्ही आकडे मी खोडले. शेजारी लिहिलं, 'चूक माझी', आणि सही केली. मग सासूबाईंकडे बघून सांगितलं, पोटभर भाकरी, वरण, दूध, शेंगदाणे, आणि उद्याच दवाखाना. त्यांनी तोंड फिरवलं.

गल्लीच्या वळणावर मी मागं पाहिलं. सासूबाई बादलीनं फरशीवर पाणी ओतत होत्या. मी एकटीच स्टँडपर्यंत चालत आले. काटा छातीशी धरून.

पुढच्या महिन्यात मी जाणार आहे. फरशी वाळलेली असो की ओली. काटा तिथंच ठेवणार.