कडुनिंबातला शिक्रा

अंबाजोगाईत केबल नुकती आली होती तेव्हाची गोष्ट. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. आमच्या विभागप्रमुख सरांनी पक्षी बघणाऱ्यांचा एक गट जमवला होता. रविवारी आम्ही एसटीने निघायचो आणि पुढे बालाघाटच्या डोंगरात पायी हिंडायचो. मग गटात टीव्हीच्या दुकानाचे एक मालक आले, त्यांच्यासोबत त्यांची जीप आली, आणि चालणं संपलं.

त्या चैत्रात मला उतारावरच्या कडुनिंबात शिक्र्याचं घरटं सापडलं. शिक्रा म्हणजे कबुतराएवढा शिकारी पक्षी. आत दोन पिल्लं होती, अजून पांढऱ्या लवेची. पुढच्या रविवारी मी हौसेने सगळ्यांना तिथे घेऊन गेले. लांबून, दुर्बिणीतूनच बघायचं, असं ठरलं होतं.

दुकानदारांनी नवा कॅमेरा आणला होता. पाला आडवा येतोय म्हणून त्यांनी ड्रायव्हरला कोयता देऊन झाडावर चढवलं. फांद्या तोडू नका, दुपारचं ऊन थेट पिल्लांवर येईल, असं मी म्हणाले.

दुकानदार म्हणाले, "कावून घाबरता, मॅडम? लई फांद्या हायेत झाडाला."

मी सरांकडे पाहिलं. घरट्याजवळ कुजबुजायचंसुद्धा नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. ते दुर्बिणीची काच रुमालाने पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "होऊन जाऊ द्या. जीप त्यांची आहे."

फांद्या पडल्या. मादी ओरडत डोक्यावर घिरट्या घालत होती. बाकीच्यांनी सावली बघून डबे उघडले. मला कुणीतरी शेंगदाण्याची चटणी पुढे केली. मी घेतली नाही.

दोन-तीन दिवसांनी एकटीच एसटीने गेले. एक पिल्लू घरट्याच्या काठावर मान टाकून पडलं होतं, दुसरं खाली मुंग्यांत. मादी दिसली नाही. स्टाफरूममध्ये सरांना सांगितलं, तर निसर्गात असं चालायचंच म्हणाले आणि तासाला निघून गेले.

फोटो वर्तमानपत्रात आला. खाली दुकानदारांचं नाव, त्यापुढे 'पक्षिमित्र'. सरांनी तो अंक सगळ्या विभागांत फिरवला.

पुढच्या वसंतात जीपमध्ये जागा असल्याचा निरोप आला. मी एसटीने येईन, असं कळवलं. त्यानंतर कुणी बोलावलं नाही.

पुढेही मला बरीच घरटी सापडली. मी कुणालाच दाखवली नाहीत. वर्गातल्या पोरी मागे लागायच्या, त्यांनासुद्धा नाही.