सोमवारी दरवाजा बघायला

“मावशी, बाजूला व्हा. मोठी माणसं यायची आहेत. तुमचा वास इथे कोंडून राहतो.”

कल्याणच्या चौकातल्या जुन्या दगडी दरवाजात एका माणसाने मला हे ऐकवलं. माझी अकरा वर्षांची मुलगी शेजारी उभी होती. दरवाजा बघायला रांगेत उभे असलेले लोक हसले.

त्या दरवाजाच्या सावलीत आधी माझी सासू मासे विकायची, नंतर मी. पण आतला जिना आम्ही कधी चढलो नव्हतो. कुलूप असायचं. ऐंशी सालानंतर गावातल्या बड्या लोकांनी समिती केली, दगड घासून काढले, जिना उघडला. कोणीही यावं, वर जाऊन बघावं, असं लिहून लावलं. मी चौथी शिकलेय, तेवढं वाचता येतं. मुलगी मागे लागली, वरून आपली खाडी दिसते का बघू.

सोमवारी गेलो. सोमवारी लोक मासे खात नाहीत, आमचा धंदा बंद. दोघी वासाच्या साबणाने चोळून न्हालो होतो. मी ठेवणीतलं लुगडं नेसले होते. तरी त्या माणसाचं बोलणं ऐकून माझ्या मुलीने हळूच स्वतःचा तळहात हुंगला.

ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. नुसतं मला हसले असते तर मी घरी गेले असते. तशी कितीदा गेले होते.

त्या माणसाला मी ओळखत होते. समितीतला मोठा माणूस. चारचौघांत सांगायचा, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि दर बुधवारी मी मागच्या बोळातून त्याच्या मोरीच्या दाराशी सुरमई द्यायची. कडी वाजवायची नाही, हाक मारायची नाही, नुसतं खोकायचं, असं त्याच्या बायकोने शिकवलं होतं. अशी पाच घरं होती माझी. बारा वर्षं खोकत फिरले. त्यांची अब्रू माझ्या तोंडात, आणि मान मीच खाली घालायची.

मी मोठ्याने विचारलं, “काय ओ साहेब, बुधवारची सुरमई मागच्याच दाराने देऊ ना?”

हसणं थांबलं. तो म्हणाला, “कसली सुरमई? काय बोलते ही बाई?”

“तुकडे जाड हवेत म्हणालात, म्हणून विचारलं.”

रांग पुन्हा हसली. या वेळी माझ्यावर नाही. मी मुलीचा हात धरला आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला खांदा घासून वर गेले. खाडी दिसली. पोटभर बघितली.

पाचही घरं सुटली. नवऱ्याने शिव्या घातल्या. मी बोळात पुन्हा पाऊल टाकलं नाही. श्रावण संपल्यावर त्या साहेबाची बायको चौकात आली, डोळ्यांनी खुणावू लागली, मागच्या बोळात ये. मी जागची हलले नाही. तिला भर बाजारात टोपलीत हात घालून मासा निवडायला लावला. तिची दया आली नाही. बरं वाटलं.

आता तो माणूस नाही. दरवाजावर त्याचं नाव कोरलंय. मी त्याच्याच खाली बसते. बघायला आलेलं कोणी ते नाव वाचून विचारतं, हे कोण? मी सगळं सांगते, सुरमईसकट. लोक म्हणतात, मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. मी बोलणार. माझी जीभ चालते तोवर त्या दगडाखालून उठणार नाही.