गळा चालतो, हात चालत नाही

सरांनी माझं मनगट रुमालात धरलं आणि पियानोवरनं उचललं. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसं. हात हवेत सोडून दिला. मग तो रुमालही टाकून दिला, खिशात परत ठेवला नाही.

"तुझं काम गळ्याचं. हात कशाला लावतोस?"

एवढंच बोलले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मोलकरणीला हाक मारली. ती ओलं फडकं घेऊन आली. मी तीनच पट्ट्या दाबल्या होत्या. सा, ग आणि प. तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या पुसून काढल्या. पुसताना पियानो वेडावाकडा वाजत होता, आणि शिकायला आलेल्या मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

मग सर म्हणाले, "हं. आता सा दे."

आणि मी दिला. गायलो! त्याची चीड अजून जात नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. आम्ही उचगावचे. बापाचा बँड होता, लग्नाच्या वराती वाजवायचा. वाजंत्र्याचा पोरगा म्हटलं की जात विचारायची कुणाला गरज पडायची नाही. चौथीतनं शाळा सुटली आणि मी बापामागं क्लॅरिनेट फुंकत निघालो. वाजवायच्या आधी सगळ्यांना सूर गाऊन द्यायचो तो मीच. एका वरातीत सरांनी ते ऐकलं. मोठा माणूस, शहरात ताराबाई पार्कात बंगला, बंगल्यात पियानोचा क्लास. म्हणाले, "आवाज चोख आहे तुझा. रविवारी ये. पियानो शिकवतो. पण आधी गळा, मग हात."

मला ते पटलं. का पटू नये?

दोन वर्षं सायकल मारत गेलो. माझं स्टूल दाराजवळ, मुली पियानोजवळ. सरांची पद्धत अशी, की कॉर्ड म्हणजे तीन सूर एकदम, पण बोटानं दाबायच्या आधी ते एकेक करून गळ्यातनं काढायचे. म्हणजे कान तयार होतो. मुली गायला लाजायच्या. मग गायचं मी, आणि शोधून दाबायचं त्यांनी. सा-ग-प वरनं पुढच्या कॉर्डला जायचं तर सा जागचा हलत नाही. ग सरकतो म वर, प सरकतो ध वर. मी नुसता सा धरून ठेवायचो. मग ग-म. मग प-ध. दोरीतला एकेक पदर सोडवून दाखवावा तसं. त्यांचा कान माझ्या गळ्यावर तयार होत होता. माझे हात मांडीवर पडून.

"सर, हाताचं कवा?"

"घाई काय आहे?"

त्या रविवारी विचारलं नाही. मुली यायच्या होत्या त्या आल्या, सर चष्मा पुसत होते, मी उठलो आणि दाबलं. पुढं काय झालं ते सांगितलंय.

घरी आलो तो जेवलो नाही. तडक बँडच्या शेडात. तिथं थोरला भाऊ आणि दोघं चुलते ढोलाच्या दोऱ्या आवळत बसले होते. तिघांना एका बाकड्यावर ओळीनं बसवलं. भावाला सा दिला, धाकट्या चुलत्याला ग, थोरल्याला, म्हणजे तात्याला, प. म्हटलं, खांदा दाबला की वरच्या सुरावर जायचं. सा हलतच नाही, म्हणून माझे दोन हात दोघांच्या खांद्यांना पुरले.

तात्या म्हणाला, "आरं ए, आमी काय पेटी हाय व्हय रं? उद्या पाठीत भाता बी मारशील!"

पण गायले. दाबले खांदे. ग चा म झाला, प चा ध झाला. वरचा पत्रा घुमायला लागला. परत आणलं सा-ग-प वर, परत नेलं. तात्याचा ध सारखा खाली घसरायचा. मी गाऊन त्याला वर आणायचो. हे किती वेळ चाललं देव जाणे. दोन वर्षांत पहिल्यांदा कॉर्ड माझ्या हाताखाली वाजत होती.

भाऊ मधेच थांबला. "ह्ये त्या सरानं शिकवलं?"

"व्हय."

"आन् पियानूला हात?"

मी ढोलाची दोरी आवळायला घेतली.

"मग शिकवतोय कुटला? वापरतोय की तुला."

ते शब्द डोक्यात खिळ्यासारखे बसले. पद्धत खोटी नव्हती. ती माझ्यासाठी नव्हती.

पुढच्या रविवारी स्टुलावर बसलो नाही. उभा राहिलो.

"हं, सा दे."

"न्हाय."

"घसा बसलाय?"

"घसा बरा हाय. आधी हात लावू द्या, मग गातो."

मुली आमच्याकडं बघायला लागल्या. सर लाल झाले. "जवळ केलं की डोक्यावर बसता तुम्ही लोक. तुझ्या बापानं पियानो बघितला होता का कधी?"

"न्हाय. म्हणून तर मी आलोय. गळा माझा, हात बी माझंच. घेणार असला तर समदा माणूस घ्या. अर्धा मिळणार न्हाय."

"चालता हो!"

चालता झालो. पुढं पेटीवर शिकलो. आधी गायचं, मग बोटानं शोधायचं. सरांचीच पद्धत, पण हात माझे. शिव्या देत शिकलो. कुणाच्या बापाचे उपकार नाहीत.

परवा त्या मुलींतलीच एक, आता केस पांढरे झालेली, गाडी घेऊन उचगावात आली. क्लास तीच चालवते म्हणे.

"काका, सरांच्या आठवणीत कार्यक्रम आहे. तुमचा आवाज अजून कानात आहे माझ्या. याल गायला?"

"पियानोवर कोन?"

"माझा नातू."

"मी बसतो. त्येला गाऊ दे."

"काका, तुमचं आपलं काहीतरीच!"

चहा पाजला आणि लावून दिली.

घरातले म्हणतात, म्हातारा हेकट आहे, जुनं उकरत बसतो. बसतो. ज्यांचं जुनं झालं त्यांनी विसरावं. त्या पियानोपुढं खुर्ची ओढून मला बसवत नाहीत, तोवर त्या बंगल्याला माझा एक सूर मिळणार नाही. मरेपर्यंत नाही.